ग्रां-प्रेची खारजमीन

कॅनडा देशाचें नांव निघालें कीं आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें बर्फ, गव्हाचीं अफाट शेतें आणि नायगाराचा धबधबा येतो. भूगोलाच्या पुस्तकांनीं त्या देशाची हीच ओळख आपणांस करून दिली आहे, आणि ती खोटी आहे असें नाहीं. परंतु त्या विस्तीर्ण देशाच्या अगदीं पूर्वेस अटलांटिक महासागरांत शिरलेला नोव्हा स्कोशिया नांवाचा एक लहानसा प्रांत आहे, आणि त्याच्या एका कोपऱ्यांत शेतकऱ्यांनीं समुद्राच्या तोंडांतून काढून घेतलेली सुमारें तेराशें हेक्टर जमीन आहे. तिचें नांव ग्रां-प्रे. फ्रेंच भाषेंत ह्याचा अर्थ ‘मोठें कुरण’ असा होतो. आमचे पुतणे नोकरीनिमित्त हॅलिफॅक्स शहरीं राहतात. त्यांच्या आग्रहावरून एका वर्षीं ऑगस्ट महिन्यांत आम्हांस तिकडे जाण्याचा योग आला. हॅलिफॅक्सहून हें गांव मोटारीनें तासाभराच्या वाटेवर आहे. तेथें जें पाहिलें व ऐकलें त्यांतील थोडें आमच्या शाळेंतील मुलामुलींस व त्यांच्या पालकांस सांगावें असें मनांत होतें. संपादकांनीं जागा दिली, म्हणून लिहीत आहों.

प्रथम तेथील समुद्राविषयीं सांगितलें पाहिजे. नोव्हा स्कोशिया व न्यू ब्रन्सविक ह्या दोन प्रांतांच्या मध्यें फंडीचा उपसागर आहे. तो तोंडाशीं रुंद असून आंत जातां जातां निमुळता व उथळ होत जातो. त्याच्या आंतल्या टोंकास मायनास बेसिन नांवाची मोठी खाडी आहे, आणि त्या खाडीच्या दक्षिण कांठीं ग्रां-प्रे वसलें आहे. जगांतील सर्वांत मोठी भरती ह्या खाडींत येते. मुंबई बंदरांत मोठ्या उधाणाचें पाणीदेखील पांच मीटरांच्या आसपासच चढतें. येथें बर्नटकोट हेड नांवाच्या ठिकाणीं भरती व ओहोटी ह्यांच्या पाण्यांतील अंतर सोळा मीटरांवर गेल्याची नोंद आहे. पांच मजली इमारत बुडेल एवढें पाणी चढावयाचें आणि उतरावयाचें, आणि तेंही दिवसांतून दोनदां!

असें कां व्हावें? झोपाळ्यावर बसलेल्या मुलास आपण झोका देतों तेव्हां काय होतें तें आठवावें. झोपाळा मागें येऊन पुन्हां पुढें निघण्याच्या नेमक्या क्षणीं हलकासा धक्का दिला तरी तो उंच उंच जातो; वेळ चुकली तर कितीही जोर लावा, झोका मोडतो. फंडीच्या उपसागरांतील पाण्याचाही असा एक स्वतःचा झोका आहे. तें आंत जाऊन परत फिरण्यास सुमारें तेरा तास लागतात. चंद्रामुळें होणारी भरती दर बारा तास पंचवीस मिनिटांनीं येते. दोहोंचा ताल असा जवळजवळ जुळल्यामुळें प्रत्येक भरती झोक्यास योग्य वेळीं धक्का देते, आणि त्यांत आणखी उपसागर निमुळता असल्यानें पाण्यास वर चढण्याखेरीज वाट उरत नाहीं.

हॉल्स हार्बर नांवाचें एक छोटें बंदर आम्हीं मुद्दाम दोन वेळां पाहिलें. सकाळीं शेवंडी पकडणाऱ्या कोळ्यांच्या होड्या धक्क्यास लागून पाण्यावर डुलत होत्या, व धक्क्यावरून त्यांत सहज उतरतां येत होतें. दुपारीं पाहतों तों पाणी नाहींसें झालें होतें. त्याच होड्या खालीं तळाशीं दगडगोट्यांवर बसल्या होत्या आणि धक्क्याचे उंच खांब शेवाळानें माखलेले, उघडे पडले होते. तेथील कोळी ह्याकडे पाहतही नाहींत. ते घड्याळाइतकेंच भरतीच्या कोष्टकास मानतात. मायनास खाडीच्या कांठीं ओहोटीच्या वेळीं मैलोगणती तांबडा चिखल उघडा पडतो. त्याचा रंग थेट गेरूचा. हा चिखल प्रत्येक भरतीबरोबर येऊन कांठावर थोडा थोडा बसतो, आणि हजारों वर्षें असा सांचल्यामुळें तेथील दलदलीची माती फार कसदार झाली आहे.

ह्या प्रदेशाचे मूळचे रहिवासी मिकमाक लोक. हजारों वर्षांपासून ते येथें मासेमारी व शिकार करीत आले आहेत. खाडीच्या तोंडाशीं ब्लोमिडन नांवाचा तांबड्या खडकाचा उंच कडा आहे. मिकमाकांच्या कथांतील ग्लूस्कॅप नांवाच्या अद्भुत पराक्रमी पुरुषाचें तें निवासस्थान समजतात. इ. स. १६०५ मध्यें फ्रेंचांनीं ह्याच उपसागराच्या कांठीं पोर्ट रॉयल येथें ठाणें वसविलें. पुढें फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याकडून शेतकरी कुटुंबें आलीं, वाढलीं, आणि १६८० नंतर त्यांतील कांहीं ग्रां-प्रेस येऊन राहिलीं. ह्या लोकांस आकेडियन असें म्हणतात. नव्या देशांत आलेले बहुतेक वसाहतवाले प्रथम कुऱ्हाड घेऊन रान तोडूं लागतात. आकेडियनांनीं रानास फारसा हात लावला नाहीं. त्यांनीं फावडें घेतलें व ते दलदलींत उतरले. मिकमाकांशीं त्यांचें पुष्कळ काळ सलोख्यानें चाललें, त्यास हेंही एक कारण असावें असें आम्हांस वाटतें.

त्यांची कामाची रीत अशी. दलदलींतील खारें गवत मुळांनीं माती घट्ट विणून धरतें. त्या मातीचीं गवतासकट ढेपळें अरुंद पात्याच्या फावड्यानें कापावयाचीं, व विटांप्रमाणें एकावर एक रचून बांध घालावयाचा. गवत जिवंत असल्यामुळें बांध पुढें आपोआपच घट्ट होत जातो. परंतु नुसता बांध घालून भागत नाहीं. पावसाचें व ओढ्याचें पाणी शेतांतून बाहेर जाण्यास वाट पाहिजे. म्हणून ओढा जेथें समुद्रास मिळतो तेथें बांधाच्या पोटांत झाडाचें खोड कोरून केलेली एक पन्हळ पुरीत, आणि पन्हळींत वरून टांगलेली लाकडी झडप बसवीत. भरती चढूं लागली कीं समुद्राचें पाणीच झडपेस दाबून बंद करी. ओहोटी लागली कीं आंतलें गोडें पाणी झडप ढकलून बाहेर पडे. पहारेकरी नको, चाक नको, किल्ली नको. ह्या युक्तीस ते आब्वातो म्हणत. दोन-तीन वर्षांचा पाऊस व बर्फ मातींतील मीठ धुऊन नेई, आणि मग त्या जमिनींत गहूं व गवत असें येई कीं खताचें नांव काढावयास नको.

आमच्या वाचकांपैकीं जे पेण-अलिबागकडील खारेपाटांतले आहेत ते येथें हंसले असतील. आम्हीही तिकडलेच, आणि त्या बांधावर उभे राहून आम्हांसही हंसूं आलें. हें तर आमच्या गांवचेंच! आपल्याकडे झडपेच्या जागेस उघाडी म्हणतात. गोमंतकांत त्या जमिनीस खाजण व त्या दारास मानस हें नांव आहे. ह्या शेतकऱ्यांनीं आकेडियनांचें नांवही कधीं ऐकलें नसेल, आणि आकेडियनांनीं कोंकणचें ऐकलें नसेल. समुद्र सारखा असला म्हणजे माणसाची अक्कलही सारखीच चालते, असें दिसतें. आम्ही लहान असतांना उधाणाच्या रात्रीं गडीमाणसें कंदील घेऊन बांधावर फिरत. खेंकड्यानें पाडलेलें बोटभर भोंक पहांटेपर्यंत बैल जाईल एवढें होतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. बांधास एकदां खांड पडली आणि एक उधाण शेतांत शिरलें म्हणजे पुढें तीन वर्षें भाताचा दाणा दिसत नाहीं. आमच्या वडिलांच्या वाट्याचीं खाचरें अशींच गेलीं. खांड वेळेवर बुजविली गेली नाहीं. आज तेथें तिवरांचें रान माजलें आहे. तेव्हां ग्रां-प्रेच्या बांधाकडे आम्हीं निव्वळ प्रवाशाच्या नजरेनें पाहिलें नाहीं, हें वाचकांस सांगून ठेवतों.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती दुःखाची आहे. इ. स. १७१३ मध्यें युट्रेक्टच्या तहानें हा मुलूख फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला. आकेडियन शेतकरी जागच्या जागीं राहिले. दोन राजे लढत असतां आम्ही कोणाच्याही बाजूनें शस्त्र धरणार नाहीं, आमचें शेत बरें आणि आम्ही बरे, असें त्यांचें म्हणणें होतें. कांहीं काळ तें इंग्रजांनीं चालवूनही घेतलें. परंतु पुन्हां युद्धाचे ढग जमूं लागले, आणि बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्या असा हुकूम गव्हर्नर लॉरेन्स ह्यानें काढला. ती शपथ ते घेईनात. १७५५ च्या ५ सप्टेंबर रोजीं ग्रां-प्रेच्या चर्चमध्यें दहा वर्षांवरील सर्व मुलगे व पुरुष ह्यांस बोलावण्यांत आलें. ४१८ जण आले. दारें बंद झालीं, आणि कर्नल विन्स्लो ह्यानें त्यांस हुकूम वाचून दाखविला: जमिनी, घरें व गुरें सरकारजमा झालीं आहेत, पैसा व नेतां येईल तेवढें घरसामान घेऊन सर्वांनीं हा प्रांत सोडावा. त्या दिवसांत पीक नुकतेंच हाताशीं आलेलें होतें.

ऑक्टोबरांत गलबतें भरूं लागलीं. ग्रां-प्रे व आसपासच्या गांवांतून सुमारें २,२०० माणसें नेण्यांत आलीं. गलबतें अपुरीं पडलीं; गर्दींत कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. लोकांनीं परत येऊं नये म्हणून मागें घरें जाळण्यांत आलीं. १७६३ पर्यंत हें सत्र चाललें, आणि एकंदर दहा हजारांहून अधिक आकेडियन लोकांस मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहतींत, इंग्लंडांत व फ्रान्सांत विखरून टाकण्यांत आलें. कित्येक वाटेंतच बुडाले किंवा रोगानें मेले. पुढें त्यांतील पुष्कळ लोक लुइझियाना येथें जाऊन स्थायिक झाले. तेथील केजन लोक ते हेच.

शेतें रिकामीं पडलीं. बांध मात्र राखणाऱ्याची वाट पाहत थांबत नाहीं. १७५९ च्या नोव्हेंबरांत मोठें वादळ होऊन समुद्रानें बांध फोडले आणि पाऊणशें वर्षांची मेहनत खाऱ्या पाण्याखालीं गेली. पुढील वर्षीं, म्हणजे १७६० सालीं, न्यू इंग्लंडांतून नवे शेतकरी आणून सरकारनें त्यांस ह्या जमिनी वांटून दिल्या. माणसें कष्टाळू होतीं. परंतु आमच्या खारेपाटांतील माणसास जें सांगावें लागत नाहीं तें त्यांस ठाऊक नव्हतें. समुद्राकडील बांध कसा उचलावा, ढेपळें कोणत्या गवताचीं घ्यावींत, झडप कोणत्या पातळीस टांगावी, ह्यांतील कांहींच त्यांस येईना. मग काय केलें? जवळच्या किल्ल्यांत जे आकेडियन अद्याप कैदेंत होते त्यांसच बाहेर काढून बांधाच्या दुरुस्तीस लावलें! आपल्याच बापानें घातलेला बांध, आपल्याच जळालेल्या घरासमोर, दुसऱ्याच्या शेतासाठीं त्यांनीं पुन्हां उभा केला. ह्या गोष्टीचा उल्लेख तेथील माहितीफलकांत एकदोन ओळींतच येतो. आम्हीं तो पुन्हां पुन्हां वाचला. हातांतील विद्या हिरावून घेतां येत नाहीं असें आपण म्हणतों. तिचा उपयोग दुसऱ्यास मात्र करून घेतां येतो, हें आम्हांस तेथें दिसलें. ज्यांस पुढें परतण्याची मोकळीक मिळाली त्यांस आपल्या जमिनी परत मिळाल्या नाहींत. ते प्रांताच्या दूरच्या खडकाळ किनाऱ्यांवर गेले आणि नांगर सोडून मासे धरूं लागले.

एवढें मात्र खरें कीं नव्या लोकांनीं ती विद्या अखेर चांगली उचलली. १७६० पासून तेथें जमीनमालकांचें एक मंडळ आहे. आपल्या गांवकीप्रमाणेंच बांधाचा खर्च व काम वांटून घेणें हें त्याचें काम. आणि तें मंडळ आजही चालू आहे.

प्रवासी लोक ग्रां-प्रेस येतात ते बहुधा दुसऱ्याच कारणासाठीं. अमेरिकन कवि लाँगफेलो ह्यानें १८४७ सालीं ‘इव्हँजेलीन’ नांवाचें काव्य प्रसिद्ध केलें. ह्या हद्दपारींत लग्नाच्या वेळींच आपल्या प्रियकरापासून दुरावलेल्या एका कल्पित मुलीची ती कथा. कवीनें ग्रां-प्रे कधीं पाहिलेंच नव्हतें. तथापि काव्य एवढें गाजलें कीं रेल्वेनें त्या मुलीच्या नांवावर गाड्या भरभरून प्रवासी आणले. ज्यांच्या मातोश्री आकेडियन होत्या त्या जॉन फ्रेडरिक हर्बिन नांवाच्या गृहस्थांनीं १९०७ सालीं जुन्या चर्चची जागा विकत घेऊन ती राखली. १९२० मध्यें तेथें इव्हँजेलीनचा पुतळा बसविण्यांत आला, आणि १९२२ मध्यें स्मारक-चर्चचें काम सुरू झालें. जुनीं वाळुंजाचीं झाडें, विहीर, फुलझाडें, सारें नीटनेटकें आहे. आम्ही तेथें तासभर बसलों. एका कल्पित मुलीपुढें छायाचित्रें काढून घेण्यास लोक रांग लावतात आणि मागील बांधाकडे फारसें कोणी जात नाहीं, ह्याचें आम्हांस थोडें वाईट वाटलें. पण तेंही अन्यायाचें बोलणें होईल. ती मुलगी नसती तर ती जागाच उरली नसती. २००३ सालीं राणीच्या नांवें निघालेल्या जाहीरनाम्यांत ह्या हद्दपारीनें झालेल्या हालअपेष्टा मान्य करण्यांत आल्या व २८ जुलै हा स्मरणदिन ठरला. २०१२ सालीं युनेस्कोनें ग्रां-प्रेचा सारा प्रदेश, बांधांसकट, जागतिक वारशांत घेतला.

ग्रां-प्रेच्या पश्चिमेस ॲनापोलिसचें खोरें लागतें. उत्तर व दक्षिण अशा दोन डोंगरांमध्यें तें वसलेलें आहे. उत्तरेचा डोंगर आपल्या सह्याद्रीप्रमाणेंच लाव्हाच्या काळ्या दगडाचा, परंतु वयानें फार वडील. सुमारें वीस कोटी वर्षांचा. तो फंडीवरील धुकें व थंड वारा अडवितो, म्हणून ह्या खोऱ्यांत सफरचंदें उत्तम होतात. एके काळीं तीं जहाजें भरून इंग्लंडास जात. दुसऱ्या महायुद्धांत ती बाजारपेठ बुडाली व पुष्कळ बागा तोडाव्या लागल्या. तरीही मे महिन्याच्या अखेरीस मोहोराचा उत्सव होतो. तो १९३३ पासून चालू आहे. वुल्फव्हिल गांवीं १८३८ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ आहे. त्याचें नांव आकेडिया!

पांखरें मात्र आम्हांस सोडवत नाहींत. ऑगस्टांत ग्रां-प्रेजवळच्या किनाऱ्यावर तुतवारीच्या जातीचे चिमणीएवढे पक्षी लाखोंनीं उतरतात. उत्तर ध्रुवाकडे विणीचा हंगाम संपवून ते दक्षिण अमेरिकेस निघालेले असतात. तांबड्या चिखलांत एक बारीक कोळंबीसारखा किडा असतो. तो खाऊन खाऊन हे पक्षी दोन-तीन आठवड्यांत आपलें वजन दुप्पट करतात, आणि मग कोठेंही न टेकतां समुद्रावरून तीन दिवस उडत जातात. भरतीनें चिखल झांकला म्हणजे ते कांठावरच्या गोट्यांवर दाटीनें बसून राहतात. एखादा ससाणा आला कीं सारा थवा एकदम उठतो, वळतांना चांदीसारखा चमकतो, पुन्हां वळतो आणि काळा होतो. आमच्या शेजारीं उभीं असलेलीं शाळकरी मुलें प्रत्येक वळणाबरोबर ओरडत होतीं. आम्हीं ओरडलों नाहीं, इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं बांधावर एक वृद्ध शेतकरी भेटले. त्यांचें घराणें त्याच कुरणांत अनेक पिढ्या गवत कापीत आलें आहे. त्यांनीं १८६९ सालच्या सॅक्स्बीच्या वादळाची हकीकत सांगितली. सॅक्स्बी हा इंग्रजी आरमारांतील एक लेफ्टनंट. चंद्र पृथ्वीच्या अगदीं जवळ येणार म्हणून ५ ऑक्टोबरच्या सुमारास भयंकर भरती येईल असें त्यानें आदल्या वर्षींच वर्तमानपत्रांतून कळविलें होतें. जागा मात्र त्यानें सांगितली नव्हती. नेमक्या त्या रात्रीं फंडीवर वादळ आलें, पाणी बांधांवरून गेलें आणि कुरणांतील गुरें बुडालीं. तसें वादळ पुन्हां आलें तर? समुद्र वर्षानुवर्षें चढत आहे आणि त्या प्रांताची जमीन मात्र हळूहळू खचत आहे. १९४८ च्या कायद्यानें बांधांची मोठी कामें सरकारनें आपल्याकडे घेतलीं. आतां कोणते बांध उंच करावेत आणि कोणती जमीन समुद्रास परत द्यावी ह्याचा तेथें हिशेब चालला आहे. कांहीं ठिकाणीं जुने बांध मुद्दाम फोडून दलदल पुन्हां वाढूं दिली आहे, कारण गवताची दलदल लाटेचा जोर मोडते. ग्रां-प्रेचा बांध उंच करावयाचा आहे, असें वृद्धांनीं सांगितलें. ‘मी असेतों होईल कीं नाहीं कोण जाणे,’ असें म्हणून ते बांधावरचें एक उंदराचें बीळ काठीनें ठोकूं लागले.

नंतर त्यांनीं विचारलें, ‘तुमच्याकडे बांध कोण राखतो?’ पूर्वीं गांव राखीत असे, असें आम्हीं सांगितलें. ‘आणि आतां?’ आतां निम्मी मंडळी मुंबईस आहेत, असें आम्ही म्हणालों. त्यांनीं मान हलविली. त्यांचेही दोन्ही मुलगे हॅलिफॅक्स येथेंच होते. खालीं ओहोटी लागली होती. झडप थोडी हलली, आणि आंतलें गढूळ पाणी चुळुकचुळुक करीत बाहेर पडूं लागलें. ह्यास तुम्ही काय म्हणतां, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें, ‘उघाडी.’ त्यांनीं तो शब्द दोन-तीनदां म्हणून पाहिला. ‘घ’ त्यांच्यानें कांहीं केल्या होईना.